ह्या गाण्यात ऐकणारा कुठाय?

बबनकाकांच्या बैठकीत चार खुर्च्या आहेत. दोन पुढे, दोन मागे. पुढच्या दोन खुर्च्यांवर कोणी बसायचं नाही. मला हे माहीत नव्हतं. मी सरळ जाऊन पुढच्या खुर्चीत बसलो, तर काका दबक्या आवाजात खेकसले, "उठ न बे! ते पाहुण्यांसाठी आहे."

"कोणते पाहुणे?"

"कार्यक्रमाचे."

घरात आम्ही दोघंच होतो. कार्यक्रम टेपरेकॉर्डरमध्ये चालला होता. मी हादरून मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. काकांनी धुतलेला झब्बा घातला होता, खिशात रुमाल होता, आणि टेपमधला तबलजी ठोकठोक करत तबला लावत होता. तो बराच वेळ लावत होता. मी म्हटलं, "काका, पुढं सरकवू का थोडं?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मांडवात उठून नवरदेवाला म्हणालो होतो की मंगलाष्टकं राहू द्या, थेट जेवायला बसू.

"लावून राहिला ना तो! लावू दे ना त्याले!"

बबनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त. रेल्वेत होते, आता पेन्शनीत आहेत. लग्न केलं नाही. तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला) आमच्या घरासमोर त्यांच्या दोन खोल्या. बाबा होते तोवर मी कधी त्यांच्याकडे फारसा गेलो नाही. बाबा गेल्यावर जाऊ लागलो. मी मुळात कमी बोलणारा. शंकर नगरातल्या एका ऑफिसात हिशेब बघतो. तिथले लोक म्हणतात की माझा आवाज त्यांनी फक्त वार्षिक संमेलनात ऐकला आहे, तोही "हजर" म्हणताना. पण आज थोडं बोलणार आहे. काकांविषयी सांगायचं तर मला माझ्याविषयीही सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

काकांचा दंडक एकच. गाणं ऐकायचं ते मैफलीतलं. स्टुडिओत बंद खोलीत भरलेलं गाणं त्यांना चालत नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "ते गाणं नाही, ते गाण्याचा पासपोर्ट फोटो आहे. कान दिसले पाहिजे, हसायचं नाही, मागं पांढरा पडदा. फोटो बरोबर आहे, पण ह्या माणसाले आई ओळखन का?"

माझ्या बायकोनं एकदा कौतुकानं त्यांना एक नवं भक्तिगीत ऐकवलं. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. बायको खूश. मग डोळे उघडून म्हणाले, "सूनबाई, ह्याच्यात पंखा नाही."

"पंखा?"

"एवढ्या लोकांनी एवढी वाद्यं वाजवली, अन् कोणाले गरम नाही झालं?"

बायको आत निघून गेली. तिनं नंतर मला विचारलं की काका आधीपासून असे आहेत की रिटायर झाल्यावर झाले.

मैफलीच्या कॅसेटमध्ये काका गवई ऐकत नाहीत असं नाही. पण त्यांचा निम्मा कान श्रोत्यांवर असतो. एका कॅसेटमध्ये एक माणूस सतत खोकतो. काकांना त्या माणसाची काळजी आहे. "आता पाह्य, विलंबितात किती बेजार आहे बिचारा. पण बाजू पलटली का खोकला बंद. कोणीतरी लवंग देली त्याले." मी म्हटलं, कदाचित उठून गेला असेल. काका दुखावले. "गेला कसा? शेवटी टाळ्या वाजवून राहिला ना! त्याची टाळी ओली आहे, वेगळी समजते."

खोकणाऱ्याची टाळी ओळखणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. अजूनही त्या धक्क्यातून मी पूर्ण बाहेर आलेलो नाही.

त्यांची सगळ्यात आवडती कॅसेट म्हणजे एका मैफलीत लाईट जाते ती. माईक बंद पडतो. गाणं एकदम विहिरीत गेल्यासारखं दूर जातं. लोक "अरे, अरे" करतात, कोणाची तरी पोट्टी रडते, आणि गवई गातच राहतो. "आता ऐक," काका कुजबुजतात. "लोकं सरकून राहिले पुढं. सतरंजीचा आवाज येते का? येते ना? तो आवाज स्टुडिओवाल्यानं काढून दाखवावा मले."

आणि खरंच, कान दिला तर येतो. खसखस, खसखस. अंधारात शेदीडशे माणसं एका आवाजाच्या जवळ जातायत. मी एकदा तो ऐकला आणि अंगावर काटा आला, हे मी काकांना सांगितलं नाही. मी तसं कोणालाच काही सांगत नाही.

सदर बाजारात त्यांना घेऊन जाणं म्हणजे परीक्षा. चष्म्याची काडी बदलायला आम्ही गेलो होतो. शेजारच्या कापडाच्या दुकानात स्पीकरवर कोणी बाई फार गोड भजन गात होती. काका स्कूटरींच्या गर्दीतून वाट काढत थेट गल्ल्यावर.

"भैया, ये बाई गा रही है, तो सुन कौन रहा है?"

"ग्राहक सुन रहे हैं, काका."

"उसको मालूम है क्या?"

दुकानदारानं एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी आयुष्यभर केलं तेच केलं. बाजूच्या दुकानातले टॉवेल बघू लागलो, जणू मी ह्यांच्यासोबत नाहीच.

माझ्या मुलीनं, सईनं, त्यांना तिचे नवे हेडफोन लावून दिले होते. मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते अशी आमची पोट्टी. तिनं कानावर ते डबे बसवले आणि बटण दाबलं. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"सई! मी मेलो का?"

"नहीं दादाजी! नॉइज़ कैंसल होता है इसमें."

"कोणाचा?"

"सबका."

"मग उरते कोण?"

सई हसत सुटली. मीही हसलो. पण काका हसले नाहीत. हेडफोन काढून त्यांनी परत दिले आणि खिडकी उघडून बसले. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो जाईपर्यंत ते ऐकत होते.

मग एकदा त्यांनी मला त्यांच्या हट्टाचं मूळ सांगितलं. सहज, चहा गाळता गाळता. "स्टुडिओत चुकलं तर पुन्हा गातात. मैफलीत चुकलं तर लोकं सांभाळून घेतात. एवढाच फरक आहे, पक्या. मले सांभाळून घेतलेलं गाणं आवडते."

मी "हव" म्हटलं आणि चहा प्यायलो.

आता त्यांच्या गाण्याविषयी. बबनकाका आयुष्यात एकदाच लोकांसमोर गायले. आमच्या पाऱ्याच्या गणेशोत्सवात, मी कॉलेजात होतो तेव्हा. एक भजन. बाबांनीच मागे लागून त्यांना मंचावर चढवलं होतं. त्या गाण्याची एक कॅसेट होती, आणि ती काका कोणाला ऐकवत नसत. खोकणाऱ्याची कॅसेट जगाला ऐकवतील, पण ही नाही. ती लावायची तर दार लावून, एकट्यानं.

त्या दिवशी मी सभागृहात होतो, बाबांच्या शेजारी. माझे बाबा पाणीपुरवठ्यात नोकरीला. सा आणि रे यातला फरक त्यांना कळत नसे. आणि भजन ऐन रंगात असताना, अंतऱ्याच्या मध्येच, बाबा जागेवर उभे राहिले आणि गर्जले, "क्या बात है, बबन! क्या बात है!" हात वर करून. जिथं काहीच बात नव्हती तिथं. अख्खं सभागृह हसलं. मागून कोणी म्हणालं, "बसा हो दामूभाऊ, गाऊ द्या त्याले!" पुन्हा हशा, टाळ्या. बिचाऱ्या काकांना गाणं थांबवावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी पुन्हा धरलं. माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत होत्या. मी उठलो आणि मागे जाऊन खांबाजवळ उभा राहिलो. त्यानंतर कोणत्याही कार्यक्रमात मी बाबांच्या शेजारी बसलो नाही. त्यांनीही कधी जागा धरून ठेवली नाही.

मागच्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी ठरवलं की पाऱ्यातले जुने आवाज लोकांना ऐकवायचे. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं. मी काकांकडे ती कॅसेट मागितली. त्यांनी ती आतून आणून दिली, दोन्ही हातांनी, तान्हं पोर देतात तशी.

"जसं आहे तसंच वाजवजो. हात लावू नको त्याले. माझं एवढंच आहे."

मी शब्द दिला.

कॅसेटमधलं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या टेपनं ती रिबिन गिळली. गुंडाळली, चुरगळली, तुटली. मला घाम फुटला. पण आवाज उतरला होता, म्हणून जीव भांड्यात पडला. मग मी तो ऐकला. खरखर होती. पंखा होता. आणि मग बाबा आले. "क्या बात है, बबन!" मग तो हशा.

इतक्या वर्षांनी, पन्नाशीला टेकलेला मी, घरात एकटा, आणि माझे कान गरम झाले.

आजकाल कॉम्प्युटर गवई वेगळा, तबला वेगळा, गर्दी वेगळी करून देतो. मी गर्दीवर बोट ठेवलं आणि पुसली. सगळी. मूळचं ठेवलं नाही. ठेवावंसं वाटलं नाही. काकांना जाऊन सांगितलं, कॅसेट तुटली, पण गाणं वाचलं, फक्त खरखर काढली. ते खोटं नव्हतं. खरखरीसोबत बाबाही काढले, एवढं सांगायचं राहिलं. काका कॅसेट तुटली म्हणून कळवळले, मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, गाणं आहे ना? मंडपातच ऐकू मग."

कार्यक्रमाला अख्खा पारा लोटला होता. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या झब्ब्यात. मी मागे, कॉम्प्युटरजवळ. त्यांचं भजन सुरू झालं आणि मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. आवाज काचेसारखा. ऐकणारे खूश. "बबनराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निघाले!" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

अंतरा आला. काका एक ओळ गायले. दुसरी ओळ धरली, आणि आवाज चिरकला. फाटलाच. आणि थांबला.

तबला चालू राहिला. एक आवर्तन गेलं. गाणं नाही. दुसरं आवर्तन. मध्येच काकांचा बारीकसा आवाज, पहिला शब्द, पुन्हा पहिला शब्द, आणि पुन्हा काही नाही. रस्ता चुकलेलं पोर जसं प्रत्येक दाराशी थांबतं तसा तो आवाज. तबलजी बिचारा ठेका धरून वाट बघतोय. एवढ्या स्वच्छ, एवढ्या मोठ्या आवाजात, चारी स्पीकरांतून.

मी घरी हे ऐकलं होतं. शपथेवर सांगतो, ऐकलं होतं, पण मला वाटलं की बाबांच्या ओरडण्यानं आणि हशानं काका थांबले, त्याचीच ही जागा रिकामी राहिली आहे. आयुष्यभर मी तेच समजत होतो. चारशे लोकांमध्ये उभं राहून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. काका आधी अडकले होते. बाबा नंतर ओरडले होते.

"अंकल भूल गए क्या?" पोरांमधून कोणी म्हणालं. खुसखुस सुरू झाली. माझे हात कॉम्प्युटरवर होते आणि मला बटण सापडत नव्हतं. अध्यक्षांनी वाकून विचारलं, "बबनराव, इथं काय झालं हो?"

काकांच्या पाठीवरून मला काही समजेना. पाठ ताठ होती. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "कॅसेट घासली होती माझी. जुनी झाली होती. पोट्ट्यानं जेवढी वाचवता येईन तेवढी वाचवली, त्याचे उपकार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ऑफिसला न जाता. काकांनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. खरखर, गर्दी, बोट, पुसणं. मुली पुढच्या रांगेत होत्या हेसुद्धा.

काका भिंतीला टेकले. "दाम्याचा आवाज पुसला तू?"

"हो."

"पूर्ण? कुठं ठेवला असशील ना. त्या डब्यात असते म्हणतात सगळं."

"नाही काका. कुठंच नाही."

ते खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कितीतरी वेळ ते स्वतःच्या तळहातांकडे पाहत होते. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं तर बरं होईल.

"मले माहीत होतं मी अडकन म्हणून," ते म्हणाले. "मी सांगितलंच होतं त्याले, मी नाही चढत मंचावर. तर दाम्या म्हणे, तू चढ. तू अडकला का मी ओरडतो. लोकं मले पाहतीन, हसतीन. तेवढ्यात तू आपली ओळ शोधून घेजो."

मी उंबरा ओलांडून आत आलो.

"महिनाभर तालीम केली आम्ही. बूढ़ा तालाबच्या काठावर. माझी गाण्याची, त्याची ओरडण्याची." काकांच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "पहिले तर तो लय हळू ओरडे. लाजे. मी म्हटलं, अबे, असं ओरडशील तर मीच ऐकणार नाही, लोकं काय ऐकतीन?"

"बाबा लाजायचे?"

"तुझ्यावानीच होता. तुले काय वाटलं, तू कोणावर गेला?"

बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मला का नाही सांगितलं? त्यांनी, तुम्ही?"

"त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर मले म्हणे, पोट्टा उठून गेला रे बाजूचा. मी म्हटलं, मी सांगतो त्याले. तर म्हणे, नको. सांगितलं तर तू अडकला होता हे त्याले समजन. हे आपल्या दोघातच राहू दे." काकांनी झब्ब्याच्या टोकानं चष्मा पुसला. "मंग मीही नाही सांगितलं. इतके वर्षं. लोकं म्हणत, बबन चांगला गायला, दाम्यानं खेळ बिघडवला. अन् मले ते ऐकायले बरं वाटे, पक्या. आता तूच सांग, कोणी पुसलं त्याले? तू का मी?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तो गेल्यापासून लावत होतो ती कॅसेट," ते म्हणाले. "गाणं काय, गाणं टुकारच आहे. पण तेवढी एक जागा आली का कोणीतरी माझ्या नावानं ओरडे."

मग आम्ही दोघंही गप्प बसलो. मी गप्प बसण्यात तरबेज आहे, काका नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला. मांडीवर हातानं ठेका धरला, आणि ते भजन म्हणू लागले. पंच्याहत्तरीचा आवाज, दम पुरेना, सूर पडत उठत चालला होता. अंतरा आला. एक ओळ झाली. दुसरी धरली आणि ते थांबले. मांडीवरचा हात चालू होता. खरंच अडकले की थांबले ते मला कळलं नाही. डोळे माझ्यावर होते.

मी तोंड उघडलं. बाबांचे शब्द मला पाठ होते, पण ते निघाले नाहीत. घशातून जे निघालं ते काहीतरी भलतंच, फुटकं, "अरे वा काका, वा, हो, चालू द्या," असं, ऑफिसात फाइल पुढं सरकवताना म्हणतात तसं. वर हातही धड गेला नाही, अर्ध्यातच थबकला.

काका हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पण तेवढ्या वेळात त्यांना ओळ सापडली होती.